मिठाचा पुडा तुमच्याकडे किती दिवस पुरतो?

संत्राबर्फी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी, खूप दिवसांनी धागा काढतेय आणि तोही मिठावर, हसू नका.

झालं असं की ह्यांच्या ऑफिसात मागच्या महिन्यात हेल्थ चेकअप होतं, सगळे रांगेत उभे राहिले म्हणून हेही राहिले आणि बीपी निघालं १५२/९८. वय ४६. पोट थोडं सुटलंय, बाकी कधी साधा ताप नाही. घरी मशीन आणून आठ दिवस सकाळ-संध्याकाळ बघितलं तर एकदाही १४५ च्या खाली नाही. मग नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी एक गोळी सुरू केली, रोज चाला म्हणाले आणि तिथल्या डाएटवाल्या मुलीकडे पाठवलं. तिने पहिलाच प्रश्न विचारला, "काकू, मिठाचा एक किलोचा पुडा तुमच्याकडे किती दिवस पुरतो?"

आता मला तेलाचं विचारा, साखरेचं विचारा, सिलिंडर कोणत्या तारखेला लावला ते सांगते. मिठाचं काय सांगू? पंचवीस-तीस रुपयांची वस्तू, तिचा हिशोब कोण ठेवतं? आमच्याकडे तर सासूबाई "मीठ संपलं" असं म्हणूही देत नाहीत, म्हणून डबा अर्धा झाला की नवा पुडा येतोच. मी आपलं गप्प बसले.

घरात पाच माणसं, आम्ही दोघं, सासूबाई (७१) आणि दोन मुलं (१५ आणि ११). सकाळचा स्वयंपाक सासूबाईंचा, रात्रीचा माझा. ह्यांच्यासाठी वेगळी भाजी शिजवणं जमणारं नाही, आणि सगळ्यांना अळणी घातलं तर घरात महाभारत होईल. तुमच्याकडे कोणी खरंच मीठ कमी केलंय का, आणि केलं तर नेमकं कसं?

तर्रीबाज

ताई, पयले भाऊजींचं क्लबमधी स्वागत करा. मी ३८ व्या वर्षीच मेंबर झालो, १६०/१०० घेऊन. आता ४४ चा आहो.

माह्याकडे पुडा किती दिवस जाते मले नाई माहीत पण एक गोष्ट सांगतो. डॉक्टरनं मीठ कमी करा म्हटलं अन् बायकोनं दुसऱ्याच दिवशी वरण, भाजी, सगळ्यातलं मीठ अर्धं करून टाकलं. मी घरी गुमान जेवत होतो अन् सकाळी ऑफिसच्या रस्त्यावर उभा राहून दोन प्लेट तर्री पोहे, त्याच्यावर चिवडा, अन् वरून पोहेवाल्याले सांगून रायलो का भाऊ तर्री मार अजून. तीन महिने बीपी हलेच ना. बायकोले वाटे मशीन बिघडली. मले माहीत होतं काय बिघडलं.

तर भाऊजी बाहेर काय खाते ते पयले पाहा. गरीब वरणाच्या मांगे कायले लागता.

लॅबवाली_ताई

तर्रीबाज, हसून हसून चहा सांडला.

संत्राबर्फी, पुड्याचं गणित सोपं आहे. डब्ल्यूएचओचं म्हणणं मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ खावं, म्हणजे चहाचा चमचा सपाट भरून, तोही काठोकाठ नाही. पाच माणसांचे २५ ग्रॅम धरले तर एक किलो ४० दिवस जायला हवं. आणि हे फक्त पुड्यातलं झालं, लोणचं पापड फरसाण ब्रेड बिस्किटं यांच्यातलं मीठ कारखान्यात किंवा दुकानात आधीच पडलेलं असतं, ते धरलं तर पुडा ५०-५५ दिवस टिकला पाहिजे. आपल्या देशात जेव्हा जेव्हा मोजलंय तेव्हा माणशी ८ ते ११ ग्रॅम असंच काहीतरी आलंय, तेव्हा तुमचं घर काही जगावेगळं नसणार.

आता नवा पुडा फोडाल तेव्हा त्याच्यावर पेनाने तारीख टाका, बस. महिनाभर कोणाला काही बोलू नका, काही बदलू नका. आधी कळू तर द्या.

अजून एक, पाकिटाच्या मागे मीठ लिहिलेलं नसतं, सोडियम लिहिलेलं असतं, मिलिग्रॅममध्ये. त्याला अडीचने गुणायचं की मीठ मिळतं. ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे १ ग्रॅम मीठ. आणि तो आकडा १०० ग्रॅमचा असतो, लोक पाकीट २०० ग्रॅमचं संपवतात आणि आकडा १०० चा वाचतात.

सक्करदऱ्याचा_बंड्या

एवढं गणित करण्यापेक्षा हे पांढरं मीठ घराबाहेर काढा. सगळा केमिकलचा खेळ आहे. सैंधव वापरा, आमच्याकडे चार वर्षांपासून सैंधवच आहे, त्याने बीपी वाढत नाही, आयुर्वेदात पण सांगितलंय. कितीही खा.

लॅबवाली_ताई

"कितीही खा" हे आयुर्वेदात कुठे सांगितलंय ते मलाही वाचायला आवडेल.

बंड्याभाऊ, सैंधव खाणीतून येतं आणि साधं मीठ समुद्राच्या पाण्यातून, पण दोन्ही सोडियम क्लोराईडच. तो गुलाबी रंग थोड्याशा लोहाचा. बाकी खनिजं म्हणाल तर ती इतकी चिमूटभर असतात की त्यांच्यासाठी मीठ खायचं म्हणजे मनुका मिळतील म्हणून परातभर शिरा खाण्यासारखं आहे. काळ्या मिठाचंही तेच, वास वेगळा इतकंच. उलट सैंधवात बहुतेक वेळा आयोडीन घातलेलं नसतं. आयोडीन नसलेलं मीठ खाण्यासाठी विकायला आपल्याकडे २००६ पासून बंदी आहे ती गलगंडामुळे आणि मुलांच्या मेंदूच्या वाढीसाठी. घरात पोरंबाळं किंवा गरोदर बाई असेल तर आयोडीनचं मीठच ठेवा, फक्त कमी खा.

खडे मिठाचा एक फायदा आहे म्हणा. खडे मोठे, मधे हवा जास्त, म्हणून चमच्यात वजनाने कमी बसतं. पण मग चव लागेना म्हणून हात दुसऱ्यांदा डब्यात जातो.

सक्करदऱ्याचा_बंड्या

ठीक आहे, पण माझं बीपी नॉर्मल आहे.

तर्रीबाज

कधी मोजलं होतं बे?

सक्करदऱ्याचा_बंड्या

...कॉलेजात. रक्तदान शिबिरात.

खारपाणी

मी मूळची अकोल्याकडची, लग्न होऊन नागपुरात. माझ्या नावावरून ओळखलंच असेल, आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं, पूर्णेच्या काठचं. तुम्हा नागपूरकरांना मीठ दुकानात मिळतं, आमच्याकडे ते विहिरीत असतं. गंमत नाही, १९३० मध्ये सगळा देश समुद्राकडे निघाला तेव्हा आमच्याकडच्या लोकांनी दहिहंडा गावात खाऱ्या विहिरीच्या पाण्यापासून मीठ काढून सत्याग्रह केला होता. त्या पाण्यात दाळ शिजत नाही, चहा नासल्यासारखा लागतो, आणि लहानपणापासून तेच प्यायल्यामुळे आमच्या जिभेला खारट म्हणजे काय हे कळतच नाही.

लग्नानंतर इथलं वरण मला पाण्यासारखं लागायचं. मी चोरून वरून मीठ घ्यायचे, सासरे बघायचे, बोलायचे नाहीत. मग दिवस राहिले तेव्हा बीपी वाढलं आणि डॉक्टरीणबाईंनी वरचं मीठ, पापड, लोणचं बंद केलं. पहिले दहा दिवस रडायला यायचं जेवताना, खरंच सांगते. तीनेक आठवड्यांनी एकदा लक्षात आलं की दुधी भोपळ्याला स्वतःची गोडसर चव असते. बाळंतपणाला माहेरी गेले तर आईच्या हातची पिठलं-भाकर घशाखाली उतरेना, इतकं खारट. आई म्हणे सासरी जाऊन बदलली पोरगी.

तर जिभेला महिनाभर द्या. एकदम अर्धं करू नका, चमच्यातलं रोज थोडं थोडं उडवत जा, कोणाला कळतही नाही.

निवृत्त_मास्तर

सर्व वाचले. एक धोक्याची सूचना द्यावीशी वाटते म्हणून लिहितो.

माझी मोठी बहीण, वय ७४, मानेवाड्याला राहते. तिला बीपी. कोणीतरी सांगितले म्हणून तिने मीठ जवळपास सोडले. गेल्या मे महिन्यात एकाएकी बडबडायला लागली, मला ओळखेना, दोनदा उलटी झाली. आम्हाला वाटले अर्धांगवायूच. दवाखान्यात नेले तर रक्तातले सोडियम ११८. चार दिवस आयसीयू. बिल सांगत नाही. तेव्हापासून आमच्या घरात मीठ कमी करण्याचे नाव कोणी काढत नाही. नागपूरचा उन्हाळा म्हणजे ४५-४६ डिग्री, घामावाटे मीठ जाते, ही पाश्चात्त्यांची पथ्ये आपल्याला चालत नाहीत. विचार करून वागावे.

संत्राबर्फी

मास्तर, हे वाचून पोटात गोळा आला. सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या, "बघ!"

स्टेथो

ओपीडी संपवून वाचतोय. फिजिशियन आहे, नाव-गाव विचारू नका, नाहीतर उद्यापासून इथे रिपोर्ट टाकाल.

मास्तर, बहिणीला काय झालं ते अगदी खरं आहे आणि उन्हाळ्यात असे पेशंट आम्ही बघतोच. पण दोष एकट्या मिठावर टाकू नका. एक विचारतो, बीपीच्या गोळीसोबत लघवी जास्त होणारी गोळी होती का, थायाझाइड गटातली? आणि "ऊन आहे, पाणी पी, पाणी पी" करत चार-चार लिटर साधं पाणी पाजत होते का?

रिपोर्टमधला सोडियमचा आकडा (१३५ ते १४५ ठीक) हा तुम्ही किती मीठ खाल्लं ते सांगत नाही. रक्तात पाण्याच्या मानाने सोडियम किती, ते सांगतो. पाणी जास्त झालं, किंवा गोळीमुळे लघवीतून सोडियम गेलं, वरून उलट्या झाल्या, की आकडा कोसळतो. म्हाताऱ्या माणसात पटकन. जेवणात ५ ग्रॅम मीठ घेणाऱ्या, किडनी धड असलेल्या माणसाचं सोडियम केवळ त्यामुळे ११८ वर जात नाही. किडनी फार कंजूष असते, मिळत नसलं की एक एक कण परत ओढते. १९८८ मध्ये इंटरसॉल्ट नावाचा मोठा अभ्यास आला होता, ३२ देशांतल्या ५२ ठिकाणच्या लोकांची लघवी तपासून मीठ मोजलं होतं. त्यात ब्राझीलच्या जंगलातले यानोमामी लोक होते, त्यांच्या जेवणात मीठ जवळजवळ नाहीच, आणि त्यांचं बीपी म्हातारपणीही वाढत नाही. जंगलही काही थंडगार नाही.

उलटं कसं होतं तेही सांगतो. मीठ जास्त आलं की त्याच्यासोबत शरीर पाणी धरून ठेवतं, रक्तवाहिन्यांतला माल वाढतो, दाब वाढतो, किडनीला तो दाब सोसूनच जास्तीचं मीठ बाहेर ढकलावं लागतं. वर्षानुवर्षं हे चाललं की नळ्या कडक होतात. बीपीवाल्याने चार-साडेचार ग्रॅम मीठ कमी केलं तर वरचा आकडा सरासरी ५ ने उतरतो. ऐकायला कमी वाटतं, पण काहींच्या बाबतीत एका गोळीचा डोस वाचतो. म्हणून स्वतःच्या मनाने गोळी सोडू नका, हे हात जोडून.

आता ऊन. कॉटन मार्केटमध्ये दुपारी पोती उचलणारा, शेतात राबणारा, बांधकामावरचा माणूस, यांना घामातून गेलेलं भरून काढावंच लागतं, त्यांना मी मीठ-साखर-पाणी प्या असंच सांगतो. पण कूलरमध्ये बसून मॅच बघणारा माणूस "ऊन फार आहे" म्हणून मठ्ठ्यात दोन चमचे मीठ टाकतो, त्याचा घाम कुठे आलाय? आणि जुलाब-उलट्या झाल्या तर बीपी असलं तरी ओआरएस घ्यायचंच, घरी करायचं तर १ लिटर पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा चमचा मीठ. तिथे कंजूषी नको.

निवृत्त_मास्तर

डॉक्टर, लघवीची गोळी होती. पाणीही आम्हीच पाजत होतो. हे तेव्हा कोणी इतके नीट सांगितले नव्हते. आभारी आहे.

तर्रीबाज

डॉक्टर सायेब, ते कमी सोडियमवालं मीठ भेटते न, त्याचं काय? म्हणजे मले मीठही खाता येईन अन् बीपी पण नाई. दोन्ही हातात लाडू.

स्टेथो

त्यात सोडियम क्लोराईडचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराईड घातलेलं असतं. वाईट नाही. चीनमध्ये ६०० खेड्यांत जवळपास २१ हजार लोकांवर हा प्रयोग झाला, ७५ टक्के साधं आणि २५ टक्के पोटॅशियमचं मीठ, पाच वर्षं, २०२१ मध्ये निकाल आला, पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी. २०२५ मध्ये डब्ल्यूएचओनेही मोठ्या माणसांना असं मीठ घ्यायला हरकत नाही असं सांगितलं. पण किडनीचा आजार असेल, किंवा बीपीची अशी गोळी चालू असेल जी पोटॅशियम अडवून ठेवते (आणि अशा गोळ्या खूप जणांना चालू असतात, नाव प्रिल किंवा सार्टननी संपतं), तर पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. गरोदर बायका आणि मुलांना नको. तेव्हा किराणावाल्याला विचारून घेऊ नका, आपल्या डॉक्टरला विचारा, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) करा, मग घ्या.

संत्राबर्फी

डॉक्टर, खूप खूप आभार. आता घरचा अहवाल.

ह्यांना न सांगता मी चार दिवस ते काय काय खातात ते लिहून काढलं (थोडं त्यांच्या मित्राकडून काढून घेतलं). सोमवारी सकाळी पोहे-तर्री ऑफिसखाली. दुपारी डब्यात भाजी-पोळी आणि लिंबाच्या लोणच्याच्या दोन फोडी, कारण एक फोड "एकटी पडते". चार वाजता आलुबोंडा, सोबत तळलेली मिरची, मिरचीवर वरून मीठ. संध्याकाळी घरी चहासोबत खारी. रात्री वरण-भात, पापड, आणि टीव्हीसमोर फल्लीदाणे, खारे. मंगळवारी समोसा. बुधवारी मित्राच्या प्रमोशनची सावजी पार्टी, त्याचं तर मी लिहिलंच नाही, कागद फाटेल म्हणून. आणि शुक्रवारी रात्री आंबट ढेकर येतात म्हणून ती फसफसणारी पावडर पाण्यात टाकून घेतली.

म्हणजे मी आणि सासूबाई वरणाच्या मिठावरून भांडतोय आणि खरं मीठ वरणाच्या आजूबाजूला बसलंय.

सासूबाईंचं म्हणणं वेगळंच. त्या म्हणाल्या, ताट वाढताना सगळ्यात आधी काय वाढतात? मीठ. डाव्या बाजूला, वरती. मग लिंबू, चटणी, कोशिंबीर. आमच्या आईने शिकवलं की मिठाशिवाय ताट वाढू नये आणि तू आता तेच काढायला निघालीस. मला काही सुचलं नाही. मुलगा मोबाइलवरची मान वर न करता म्हणाला, "आजी, वाढ ना, पण खायलाच हवं असं कुठे आहे?" आता ताटात मीठ असतं, वालाच्या दाण्याएवढं, तसंच परत जातं. प्रकरण मिटलं.

स्टेथो

ती फसफसणारी पावडर म्हणजे मुख्यतः खायचा सोडा. खायच्या सोड्यात वजनाच्या २७ टक्के सोडियम असतं, खारट लागत नाही म्हणून कोणी मोजत नाही. बीपीवाल्याने रोज घ्यायची वस्तू नव्हे ती.

गंजभर_भाजी

मी केटरिंगच्या लाइनमधला, लग्न, वास्तू, तेरवी, सगळं करतो. जरा आमच्या बाजूनं बोलतो.

लोक म्हणते आचारी मीठ जास्त टाकते. अहो, ज्या गंजात (पातेल्यात) तेल जास्त, मसाला जास्त, त्याले मीठ जास्त लागतेच, नाईतर मसाला नुसता घशाले लागते, चव उठत नाई. सावजी रस्सा कमी मिठात करून पाहा, कोणी दुसऱ्यांदा वाटी पुढं करन तर सांगा. म्हणून सावजी रोज खायची गोष्टच नव्हे, महिन्यातून एखाद्या वेळी खा अन् मन भरून खा.

घरी कमी करायचं असन तर माह्या धंद्यातले दोन-चार डाव सांगतो. मीठ फोडणीत टाकू नका, उतरवायच्या आधी टाका, कमीत भागते. आलूच्या भाजीत तर फोडी शिजल्यावर टाका, वरच्यावर राहते, जिभेले पहिले तेच लागते. लिंबू, चिंच, आमचूर, कच्ची कैरी, कोणताही आंबटपणा आला की मीठ कमी आहे हे समजत नाई. जिरं भाजून हातावर चोळून टाका. सांबार (कोथिंबीर) भरपूर टाका. भिवापुरी मिरची असन तर काय, रंगही अन् तिखटही. कणकीत अन् भातात मीठ टाकत असान तर बंद करा, सोबतच्या भाजीत असतेच न, तिथं त्याचा काय पत्ता लागते?

अन् हे खारट झालेल्या भाजीत आलू टाकून मीठ ओढून घेते म्हणते न, ते झूठ. आलू बिचारा आपल्या वाट्याचंच मीठ पिते. रस्सा वाढला म्हणून कमी लागते. मीठ गंजातच राहते अन् खाणाऱ्याच्या पोटातच जाते.

खारपाणी

माझी एक वाटी-पद्धत आहे. सकाळी घरातल्या माणसांप्रमाणे दिवसाचं मीठ एका छोट्या वाटीत काढून ठेवायचं, आम्ही चौघं, तर चार चमच्यांपेक्षा कमी, तीन सपाट. दिवसभराचा सगळा स्वयंपाक त्या वाटीतून. डब्याला हात नाही. संध्याकाळी वाटी रिकामी झाली तर कोशिंबीर बिनमिठाची. पहिल्या आठवड्यात चारच्या चहालाच वाटी रिकामी व्हायची.

सक्करदऱ्याचा_बंड्या

रिपोर्टिंग. काल मेडिकल स्टोअरमध्ये बीपी मोजलं. १४८/९४. जिना चढून गेलो होतो म्हणून असेल ना?

लॅबवाली_ताई

असूही शकतं. पाच मिनिटं खुर्चीत टेकून बसा, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला, बोलायचं नाही, त्याआधी अर्धा तास चहा-खर्रा (तंबाखू-सुपारी) काही नाही. दोनदा मोजा. आठवडाभर करा. घरी मोजताना १३५/८५ च्या वर राहिलं तर डॉक्टर गाठा.

सक्करदऱ्याचा_बंड्या

खर्रा पण नाही??

तर्रीबाज

बंड्या, तुझा वेगळा धागा काढा लागन.

संत्राबर्फी

अपडेट देते, बऱ्याच जणांनी विचारलं.

पहिला पुडा, ज्यात आम्ही काही बदललं नव्हतं, तो २४ दिवसांत संपला (सासूबाई, माफ करा, वाढला). म्हणजे माणशी ८ ग्रॅमच्या वर, वरचं खाणं वेगळंच. हे आकडे मी जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचले तेव्हा सगळे एकमेकांकडे असे बघत होते जणू कोणीतरी रात्री उठून डब्यातलं मीठ खातं.

दुसऱ्या पुड्यावर तारीख सासूबाईंनी टाकली. कणकीतलं आणि भातातलं मीठ बंद केलं, कोणाला कळलं नाही, खरंच नाही. भाजीत थोडं थोडं करत आणलं. ह्यांना मी बाहेरचं बंद करा म्हटलं नाही, कारण माणूस ऐकत नसतो, खोटं बोलायला शिकतो. म्हटलं पोहे खा पण आठवड्यातून एकदा, तर्री एक डाव, चिवडा नको, आणि त्या दिवशी घरी लोणचं नाही. आलुबोंड्याच्या जागी डब्यात दोन संत्री देते. ह्यांनी दुसऱ्या दिवशी ऑफिसात संत्र्यावर तिखट-मीठ भुरभुरून खाल्लं, तो भाग सोडून देऊ.

मुलाच्या नूडल्सचं पाकीट वाचलं. एका पाकिटात ८०० मिलिग्रॅमच्या वर सोडियम, म्हणजे पोराचं जवळजवळ निम्म्या दिवसाचं मीठ दुपारी चार वाजता. मसाल्याची पुडी आता अर्धीच टाकतो, उरलेल्या अर्ध्या पुड्या जपून ठेवतो, कशासाठी देव जाणे.

हा पुडा ३६ दिवस गेला. भागून बघा, साडेपाच. बीपी गेल्या आठवड्यात १३०-१३४ च्या आसपास, खालचं ८४-८६. डॉक्टर म्हणाले गोळी आहे तीच चालू ठेवा, वाढवायची वेळ आली नाही.

लॅबवाली_ताई

३६! पार्टी कुठे?

तर्रीबाज

सावजी.

निवृत्त_मास्तर

अभिनंदन. बहिणीची गोळी डॉक्टरांनी बदलली, आम्ही पाणी पाजणे आटोक्यात आणले. वरणात मीठ नेहमीसारखे, पापड मात्र बंद. सोडियम १३७.

संत्राबर्फी

मास्तर, किती छान.

पण थांबा, माझ्या ३६ मध्ये घोळ आहे. काल फळीवर मागच्या बाजूला अजून एक पुडा सापडला, अर्धा रिकामा, तारीख नाही. सासूबाई म्हणतात तो वाळवणाचा. खारोड्या, पापड, सांडगी मिरची आणि लिंबाचं लोणचं सगळं त्याच्यातून झालं. "तू स्वयंपाकाचा पुडा मोजायला सांगितलास, मी मोजला." बोला आता.

गंजभर_भाजी दादा, लोणच्यात मीठ किती कमी करता येतं?

गंजभर_भाजी

ताई, लोणच्यातलं मीठ कमी करू नका, आठ दिवसांत बुरशी धरन. तिथं मीठ चवीसाठी नाई, टिकायसाठी असते. लोणचं तसंच घाला, वाढायचा चमचा लहान करा.

संत्राबर्फी

चमचा बदलला. मुलीच्या भातुकलीतला आणलाय, बरणीत पडून जातो, दोरा बांधलाय. आणि कॅलेंडरवर दुधाचे खाडे लिहितो त्याच पानावर सासूबाईंनी आज सकाळी दोन वेगळ्या रांगा आखल्या, एकीवर "मीठ, रोजचं" आणि दुसरीवर "मीठ, बरणीचं".